तरलेची ओळ

मी, श्रीमती भार्गवी रघुजी लाड, वय ६७, बी.ए., निवृत्त शिक्षिका, राहणार यशवंतपूर, बंगळूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर माझ्या नावावर आहे. वरचा मजला मुलगी शाल्मली हिला. खालच्या दोन खोल्या धाकटी बहीण वासंती, राहणार बेळगाव, हिने हयातभर वापराव्यात. पुढे त्याही शाल्मलीच्या. वासंतीने या घरात कधी पाऊल टाकलेले नाही. ती आली नाही तरी खोल्या भाड्याने देऊ नयेत.

२. बँकेतील ठेव व दागिने शाल्मलीला. अंमलबजावणी तिनेच करावी.

३. वडील कृष्णाजी यांनी लिहिलेले नाटक आमचे गणेशोत्सव मंडळ दर वर्षी करते. वेढा पडलेल्या नगरीतली सेनापतीची मुलगी तरला आणि शत्रूच्या छावणीतला सुनाभ. दोघेही वेशीच्या दारात मरतात. चिटणीस विठोजी दर वर्षी म्हणतात, "अक्का, स्वल्प दया करा. प्रसादाच्या आधी दोन मुडदे कशाला? लग्न लावून द्या की त्यांचं!" शेवट बदलायचा नाही. माझ्या पश्चातही नाही.

सुनाभाची लाकडी तलवार पडदा ओढणाऱ्या शिवाप्पाला. मोडली तेव्हा त्यानेच जोडली. तरलेचा शेला आणि भूमिका मंडळातल्या अश्लेषाला. तिचे उच्चार स्वच्छ आहेत.

४. नाटकाची वही. याच वहीवरून मी विंगेत बसून पंचेचाळीस वर्षे प्रॉम्प्टिंग केले. आमची रीत अशी: प्रयोगात जो चुकेल त्याचे नाव प्रॉम्प्टरने त्या ओळीसमोर तांबड्या पेन्सिलीने लिहायचे आणि दर वर्षी पहिल्या तालमीत सगळ्या चुका मोठ्याने वाचायच्या. खोडायचे काही नाही.

१९५५ साली वासंती तरला होती. सुनाभ होते रघुजी. त्यांच्याशी माझे लग्न ठरले होते. वेशीच्या दारात तरलेची ओळ आहे, "मी तुमच्याबरोबर येते." वासंती गप्प राहिली. मी ओळ सांगितली. पुन्हा सांगितली. तिसऱ्यांदा ती मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. मग वासंतीने ती म्हटली. मी वहीत लिहिले: वासंती, ओळ विसरली. महिन्याभरात माझे लग्न झाले. ती बेळगावला नोकरीला गेली. नोंद मी दर वर्षी वाचत राहिले, रघुजींच्या समोर.

तीन वर्षांपूर्वी ते अंथरुणावर असताना मी विचारले, "वासंती ती ओळ खरंच विसरली होती का?"

"नाही. तिला ती खरी म्हणायची होती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी माझी पुढची ओळ म्हटली."

त्यांनी पाणी मागितले. मी दिले. त्याच आठवड्यात ते गेले.

त्यानंतरच्या तालमींतही मी ती नोंद वाचली. कारण मला देता येत नाही. वासंतीला पत्र लिहिलेले नाही.

आज रीत मोडून मी नोंद खोडली आहे व शेजारी सही केली आहे. वही वासंतीला द्यावी. मंडळाने नक्कल ठेवावी. माझ्या पश्चात पहिल्या तालमीचे बोलावणे तिला रजिस्टर पत्राने पाठवावे. ती येवो न येवो, विठोजींनी सर्वांसमोर वाचावे: वासंती विसरली नव्हती. चूक प्रॉम्प्टरची.

आणि त्या ओळीवर तरला थांबली, तर विंगेतून कोणीही ओळ सांगू नये. कितीही वेळ लागला तरी.

भार्गवी रघुजी लाड

साक्षीदार:
मल्लाप्पा, शेजारी
विठोजी, चिटणीस (यांना काहीच ठेवलेले नाही, म्हणून साक्षीला चालतात)

यशवंतपूर, बंगळूर
१२ जुलै १९९७