बांधावरची खुर्ची

१४ जुलै २०२४, रविवार

शेजारी नानाजींच्या शेताचा गुत्ता, म्हणजे रोवणीचा ठरवलेला एकरी दर, आणि माझ्या शेताचा गुत्ता एक नाही! आमच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेते, एकमेकींना लागून. धान रोवणाऱ्या बायका त्याच. तरी सत्यशीलाबाई, ज्या बायकांची टोळी घेऊन येतात, एकरामागे माझ्याकडे जास्त मागतात. कारण विचारले.

"असंच हाय जी भाऊ."

हे उत्तर नव्हे. दराला कारण असतेच. ते मी शोधून काढीन.

१५ जुलै

काठी घेऊन दोन्हीकडचा चिखल तपासला. माझा अधिक मऊ. गावापासूनचे अंतर सारखे. जळवा दोन्हीकडे. चहा माझ्याकडे दुधाचा, नानाजींकडे कोरा!

नानाजी बांधावरून ओरडले, "लहानूभाऊ, काय हरवलं जी?"

"कारण," मी म्हणालो. ते हसत गेले.

सून नूतन म्हणते, साऱ्या गावाची रोवणी एकाच वेळी येते, बायका पुरत नाहीत, म्हणून भाव चढतो. विचार बरोबर. परंतु ती टंचाई नानाजींनाही लागू आहे. मग माझेच जास्त कशाचे?

१६ जुलै

चिरंजीव राजदीप नोकरीच्या गावाहून, भद्रावतीहून, आला. "बाबा, एवढा विचार काऊन करून राह्यले? मशीन सांगून देतो." हिशेबात रोवणीचे यंत्र स्वस्त पडते. सत्यशीलाबाई वाटेत भेटल्या, त्यांना नकार कळवला.

आश्चर्य असे, की त्या रागावल्या नाहीत. सुटका झाल्यासारख्या दिसल्या! ही गोष्ट मनातून जात नाही.

१८ जुलै

यंत्र आले. चालक पियुष नावाचा तरुण. खाली उतरला, माझे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, पाहिली आणि डोके खाजवू लागला.

"बाबाजी, मशीनले ट्रेमधले पऱ्हे लागते, चटईसारखे. हे वाफ्यातले थे धरतच नाई."

राजदीप माझ्याकडे पाहू लागला. "तुमी सांगतलं काऊन नाई?"

"तू विचारले नाहीस."

जन्मभर मी पऱ्हे वाफ्यातच टाकत आलो. यंत्राला त्याच्या आवडीचे रोप लागते, हे मला कोण सांगणार? नानाजींच्या देखत यंत्र परत गेले.

पऱ्हे पिवळे पडू लागले आहेत. आणखी चारदोन दिवस वाफ्यात राहिले तर पुढे फुटवे धरणार नाहीत. वर्षाचे धान हातचे जाईल.

१९ जुलै

सत्यशीलाबाईंकडे स्वतः गेलो. आजवर निरोप पाठवीत असे. त्यांनी खाटेवर बसवले. टोळीतील बायका अंगणातच होत्या. मी स्पष्ट म्हणालो — तुम्ही मागाल तो दर मान्य, मात्र कारण सांगा.

रोशनी, त्यांच्यातील सर्वांत तोंडाळ, तिला राहवले नाही. "खुर्चीचे पैसे हायेत थे!"

सगळ्या फिदीफिदी हसल्या! सत्यशीलाबाईंनी तिला दटावले, मग सांगितले. "राग नका धरू भाऊ. तुमी दिवसभर बांधावर खुर्ची टाकून बसता. कोण उठली, कोण बोलली. गानं काढलं का 'हात चालवा, हात!' कंबर सरळ कराले भेटत नाई. नानाजीकडे बाया अशाच येते. तुमच्याकडे याले मनवा लागते. म्हून जास्त."

मी थक्क झालो. देखरेखीमुळे काम अधिक होते व खर्च वाचतो, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात त्या देखरेखीचेच पैसे मी दरवर्षी भरत होतो!

"खुर्ची नसली तर?"

"त मंग नानाजीचाच भाव. पण यंदा पेंड्या फेकाले माणूस नाई. आमचा इसरू बिमार हाय."

उपटलेल्या पऱ्ह्यांच्या जुड्या, म्हणजे पेंड्या, बायकांच्या हातापर्यंत पोहोचवणारा माणूस नसेल तर रोवणी खोळंबते. हे मलाही ठाऊक आहे.

रोशनी म्हणाली, "भाऊची नजर त तेज हाय. कोन्या बाईजवळच्या पेंड्या सरल्या, लगेच दिसन!"

पुन्हा हशा. घरी येऊन खुर्ची माळ्यावर टाकली. नूतनने कारण विचारले नाही, हे बरे केले.

२० जुलै

चिखलात उभे राहिले की बांध फारच उंच दिसतो. पेंड्या फेकून हात दुखतात, अक्षर वळत नाही. गाणी मात्र बायका चांगली म्हणतात.

२१ जुलै, रविवार

माझी रोवणी आटोपली. सत्यशीलाबाईंनी इतरांबरोबर मलाही रोजी दिली. घेतली.

उद्या टोळी नानाजींच्या बांधीत. मलाही बोलावले आहे. जाणार! मात्र नानाजींनी बांधावर उभे राहता कामा नये, एवढी अट मी घातली आहे.