बावन्नाव्या वर्षी पालक पाहिजे

चि. ढब्बूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? साहेब झालास तरी कंबर आपल्या घराण्याचीच, ती धरायचीच. शेकत जा.

पत्रास कारण काहीही नाही, हे आधीच सांगते, म्हणजे उगीच तुझा रक्तदाब वाढायला नको. फोन केला असता, पण दिवसभर हॉस्पिटलच्या स्विचबोर्डवर बसून दुसऱ्यांचे फोन जोडून दिल्यावर स्वतःचा लावायची इच्छाच उरत नाही. शिवाय मागच्या वेळी मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला म्हणून सांगितलं, तर "ताई, आता या वयात कशाला?" म्हणून तू हसलास. (वाईट नाही वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही, एवढंच.) कशाला ते ऐक. इतकी वर्षं त्या फोनवर घाबरलेली माणसं विचारतायत, "आमचे बाबा कसे आहेत हो?" आणि मला "थांबा, जोडून देते" याच्यापुढे बोलता येत नाही. मरायच्या आधी कुणाशी तरी नीट बोलता यावं, एवढीच हौस. पण महिनाअखेर फी भरली नाही, तर माझी जागा दुसऱ्याला जाणार.

आधी आमच्याच कर्मचारी निधीकडे गेले. तिथले साहेब म्हणाले, पैसे देऊ, पण शिकून झाल्यावर दहा वर्षं नोकरी सोडायची नाही. शिकून होईपर्यंत माझी निवृत्ती चार वर्षांवर येणार. म्हटलं, उरलेली सहा वर्षं फुकट येऊन बसते. तर म्हणे तशी तरतूद नाही! मग शिष्यवृत्तीची मुलाखत. दारावरच्या शिपायाने "पालकांनी बाहेर बसा" म्हणत मला बाकावर बसवलं, आणि मीही मुकाट बसले. शेजारच्या मुलीच्या आईशी अशा गप्पा रंगल्या की माझं नाव पुकारलं, तर मीच इकडेतिकडे पाहतेय, कोण बाई ही म्हणून. आत आपल्या मुलाच्या वयाची तीन पोरं. विचारतात, दहा वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? खरं बोलायची खोड नडली. म्हटलं, देवाघरी, नाहीतर दवाखान्यात. एकाला हसू आलं, बाकीचे कागदात बघायला लागले. ती शिष्यवृत्ती तिथेच संपली.

मग सोनार. बांगड्या हातातून निघेनात. साबण झाला, तेल झालं, शेवटी तो म्हणाला कापाव्या लागतील, आणि कापल्या तर वजनात घट धरणार. ह्यांनी विचारलं, हातासकट वजन किती भरेल? (पेन्शनीत निघाल्यापासून ह्यांना असंच सुचतं.) कापल्याच एकदाच्या. एवढ्या खटाटोपात निम्मी फी जमली. बाकीच्यासाठी बँकेत गेले, आणि तिथून परत आल्यावर नळ सोडून पोटभर रडले. इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं रे. असो. आता तो नाद सोडला आहे. कंबर सांभाळ.

तुझी,
ताई

ता.क. नाद सोडलेला नाही. बँक कर्ज देतेय, पण विद्यार्थ्याच्या कर्जाला पालकाची सही लागते. म्हटलं, माझे पालक जाऊन जमाना झाला. तिथली बाई म्हणाली, मग घरचं कमावतं माणूस आणा. मुलाच्या डोक्यावर घराचं कर्ज, त्याची सही चालत नाही. ह्यांचीही नाही. (ह्यांना सुटल्यासारखं झालं. म्हणाले, मी कसला पालक, मलाच तू पाळतेस.) उरलास तू. सोबत कागद आहे. पेन्सिलीने फुली मारलीय, तिथे सही करायची. हप्ते माझ्या पगारातून जातील, तुला तोशीस नाही.

ता.ता.क. बाबा गेले तेव्हा मी एम.ए.ला जायच्या ऐवजी नोकरी धरली, आणि तेव्हापासून तुझ्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून माझीच सही असायची. आठवीत गणितात अकरा मार्क आणलेस आणि दाराआड उभा राहिलास. आईला कळू न देता मी सही केली होती. हसले नव्हते रे, ढब्बू.