वन बाय थाउजंड

सातपूर, नाशिक
१२ फेब्रुवारी २०२५

शेखरदादास,

नमस्कार. मी बरी आहे. परवा मामी येऊन गेली. गुडघा अजून दुखतो म्हणाली. तू स्वतः न येता आईच्या हाती निरोप धाडलास: "गैरसमज झाला होता, एवढं लिहून दे."

चार वर्षं तुझ्या स्टुडिओकडून लग्नांमध्ये मी लाइट धरला. एकदा अ‍ॅपर्चर म्हणजे काय विचारलं, तर गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "तेजू, ऑटोवर ठेव आणि बटण दाब. आकडे तुझ्या डोक्यात बसायचे नाहीत." सगळे हसले. मीही हसले.

मग जुना कॅमेरा घेऊन स्वतःच शिकले. अ‍ॅपर्चर मोठं उघडलं की उजेड जास्त येतो, मागचं धूसर होतं. आयएसओ फार वाढवला की फोटोत दाणे येतात. शटर जितकं झटपट, तितकं हलणारं थांबतं. चांदवडला मामी कांदे निवडत होती, वाऱ्यानं टरफलं उडत होती. वन बाय थाउजंडवर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, एकेक टरफल तिच्या चेहऱ्याभोवती हवेत थांबलं.

तो फोटो मी विश्वासानं तुझ्या कॉम्प्युटरवर उतरवला. स्पर्धेच्या प्रदर्शनात त्याच्याखाली तुझं नाव होतं.

बक्षीस समारंभात एका मुलीनं विचारलं, "सर, शटर स्पीड किती होता?"

"वन बाय सिक्स्टी," तू म्हणालास.

मी मागून उठले. "सिक्स्टीला टरफलांच्या नुसत्या रेघा आल्या असत्या." परीक्षकांना मूळ फाइल दाखवली: तारीख, सेटिंग, माझ्या कॅमेऱ्याचा नंबर. तुझं बक्षीस रद्द झालं.

आता गैरसमजाचं. ती मुलगी हर्षाली, माझ्याकडे शिकते. प्रश्न मीच तिला दिला होता. तुझी लबाडी मला आठवडाभर आधी कळली होती. आयोजकांना एक फोन पुरला असता. केला नाही. तुझी सासरची माणसं पुढच्या रांगेत येऊन बसेपर्यंत थांबले.

मामीही त्याच रांगेत असणार, हे मला ठाऊक होतं. भिंतीवर तिचा एवढा मोठा चेहरा, आणि समोर ती मान खाली घालून बसली. परवा निघताना म्हणाली, "मला विचारलं असतंस, तर मीच सांगितलं असतं, फोटो तेजूनं काढला."

तिच्या पाया पडून मी माफी मागितली. ती माफी फक्त तिची.

तुला काही लिहून देणार नाही. हे पत्र कोणालाही दाखव. पुन्हा वेळ आली तरी मी हेच करीन. फक्त मामीला त्या दिवशी घरी राहायला सांगेन.

नात्यापुरती तुझी आतेबहीण,
तेजस्विनी