सरपणातून जाणारी वाट

रोकबेल, सप्टेंबरअखेर

ती. ओर्तांस आत्या,

तुझ्या गुडघ्याला आणि तुझ्या मांजरीला, वयाचा मान म्हणून आधी गुडघ्याला, नमस्कार. बोर्दोची दमट हवा दोघांना मानवते आहे असं गृहीत धरते. इकडे सगळं ठीक. बाबांचा रक्तदाब डॉक्टरांना पसंत आहे. डॉक्टर बाबांना पसंत नाहीत. मी आठवडाभर लोकांच्या बांधांची मोजणी करते आणि रविवारी त्याच लोकांची भांडणं ऐकते. (माझ्या लग्नाचं विचारू नकोस. कळवण्यासारखं काही घडलं तर मी आपणहून कळवीन, तेही थोडक्यात.)

पत्राला विशेष कारण नाही. एवढंच, की येत्या महिन्यात जिल्ह्याचं पायवाटा मंडळ ठरवणार आहे, की लांबून येणारी मोठी पायवाट पुढेही आपल्या गावात चढायची, की खालच्या डांबरी रस्त्याने लाकूड गिरणीवरून परस्पर पुढे जायची. ती खालून गेली तर जिनेतबाई हिवाळ्यात दुकान बंद करणार. कॉफी, पाव, पोस्टाची तिकिटं आणि गावातल्या बातम्या एकाच गल्ल्यावर देणारी दुसरी बाई आपल्याकडे नाही. मग उरेल ती वेस, चर्च आणि पाव आणायला गाडी काढणारे आम्ही.

आता मुद्द्याकडे येते, म्हणजे सरपणाकडे. फाट्यावरचा चेस्टनट फेब्रुवारीच्या वादळात पडला. तोच, ज्याच्या बुंध्यावर वाटेची खूण होती, वर पांढरा पट्टा, खाली लाल. आणि तीच खूण, जिच्यावरून त्या नाताळात तुझं नि बाबांचं वाजलं. तुझं म्हणणं, खेचरांची जुनी वाट आपल्या कुरणातून जाते, तुम्ही दोघं तिनेच शाळेत गेलात, ती लोकांना मोकळी असावी. बाबांचं म्हणणं, आपल्या कुरणातून आपल्या गाई जातात, तेवढी वर्दळ पुरे. मग तू जेवणाच्या शेवटी येणारं चीज टेबलावर यायच्या आत उठून गेलीस. (बाबा अजून म्हणतात, जेवण आटोपून रागावून उठलेलं माणूस समजू शकतो, पण चीजच्या आधी? तेवढं तर पॅरिसचे लोकही करत नाहीत.) त्यानंतरची सगळी वर्षं लोक कुरणातून जात राहिले, बाबा खिडकीतून बघत राहिले आणि कोणी कोणाला नमस्कार केला नाही.

तर बाबांनी तो चेस्टनट कापला आणि सरपण अंगणात, फाटकाला लागून रचलं. पट्ट्यांचा ओंडका वर आला, साल बाहेर करून. बाबा म्हणतात योगायोग. मी रास नीट पाहिली आहे. बाकी झाडून सगळे ओंडके कापलेलं तोंड बाहेर करून रचलेत. हा एकटाच आडवा. मी निष्कर्ष काढला नाही, फक्त नोंदवते.

परिणाम ईस्टरला दिसला. पाठीवर पिशवी घेतलेला माणूस नकाशावर शंका घेतो, बायकोवर घेतो, पण दोन पट्ट्यांवर कधीच घेत नाही. लीलहून आलेलं एक जोडपं सरळ आत शिरलं, लाकूड फोडायच्या ठोकळ्यावर बसलं आणि त्यांनी सॉसेज सोडलं. कुत्रा बदकांच्या पाण्यात. बाबा गवत उचलायचा लांब काटा घेऊन बाहेर आले आणि गरजले, "हे काय चाललंय?" नवरा हसून म्हणाला, "जागा छान ठेवलीय हो विश्रांतीची. एक बाक असता तर मजा आली असती." बाबा आत गेले. संध्याकाळी अंगणात बाक होता. (तो स्वयंपाकघरातला आहे. तेव्हापासून मी उभ्याने कॉफी पिते.)

मे महिन्यात निवृत्त शिक्षिकांचा एक जथा आला. त्यातल्या एकीने खुराड्याकडे बोट दाखवून विचारलं, हे किती जुनं? बाबांनी टोपी काढली. "बाई, ही चौकी. इंग्रजांशी लढाया चालल्या होत्या, तेव्हाची." मी समोर उभी होते. खुराडं मी शाळेत जायला लागले त्या वर्षी सिमेंटच्या ठोकळ्यांनी बांधलंय, सिमेंट तूच कालवलं होतंस. पण शिक्षिका लिहून घेत होत्या, आणि बाबा आईच्या मागे पहिल्यांदाच एका दमात इतकं बोलत होते; त्यामुळे मी खोकले नाही. पुढे सूप सुरू झालं. आधी उरलेलं, मग मुद्दाम उरवलेलं, मग सरळ मोठ्या पातेल्यातलं. सूप संपत आलं की तळाशी तांबडी वाइन ओतून वाडगा तोंडाला लावायचा, हे बाबांनी एका डच दंतवैद्याला असं शिकवलं, की तो जाताना गोठ्याचा खांब धरून फाटकाची चौकशी करत होता.

वाटेवरच्या खुणा रंगवण्याचं काम देल्पेशकाकांकडे आहे, म्हणजे आपल्या जुन्या पोस्टमनकडे. त्यांच्या कानावर हे गेल्यावर ते डबा-ब्रश घेऊन आले, ओंडक्यावर फुली मारायला. (फुली म्हणजे इकडून जाऊ नका.)

ते बाबांना म्हणाले, "फिर्मॅं, खूण हलणाऱ्या वस्तूवर चालत नाही. नियम आहे."

"रास हलते का?"

"अरे, तू ती जाळतोस!"

"जाळीन तेव्हा बघू. आणि माझ्या लाकडाला हात लावलास, तर तो ब्रश कुठे जाईल ते सांगत नाही. पोरगी ऐकतेय."

देल्पेशकाका फुली न मारता, दोन वाडगे सूप पिऊन गेले. तेव्हापासून बाबा बाजूबाजूची लाकडं जाळताहेत. मधला ओंडका एका अरुंद खांबावर उरला, तो कलायला लागला, तेव्हा त्यांनी दोन्हीकडून दगड रचून सिमेंट भरलं. आता ती वस्तू स्थिर आहे. ती सरपण मात्र राहिलेली नाही.

मग देल्पेशकाका मला म्हणाले, सोलेन, तू मोजणीवाली आहेस, जुनी वाट नक्की कुठून जाते ते मंडळाला दाखवून दे. मी यंत्र लावलं. वेशीतून निघणारी जुनी फरसबंदी आणि कुरणापलीकडचा दगडी पूल ही दोन टोकं पक्की आहेत. त्यांना जोडणारी रेघ आपल्या फाटकातून, अंगणातून, खुराड्याखालून जाते. म्हणजे लीलचं जोडपं चुकलं नव्हतं. मी खुराड्याची जमीन उकरली. (कोंबड्यांनी निषेध नोंदवला.) खाली फरश्या निघाल्या, खेचरांच्या नालांनी मधोमध झिजलेल्या. बाबा कमरेवर हात ठेवून खाली वाकले. मग म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं?" त्याच दिवशी त्यांनी खुराडं पाडलं. कोंबड्या सध्या गाडीच्या शेडमध्ये आहेत आणि गाडी पावसात.

आता कुरणातून वाट सोडायला होकार द्या, असं देल्पेशकाकांनी म्हटल्यावर बाबा ताठ झाले. म्हणाले, "अर्धं कुरण तिचं आहे, तिला विचारा." जिनेतबाई ओरडली, "मग विचार की! बोर्दो काय चंद्रावर आहे?" बाबा म्हणाले, "मी? उठून ती गेली, मी नाही." आणि ते पातेलं ढवळायला गेले.

तर असं सगळं सुरळीत आहे. उत्तराची घाई नाही. गुडघ्याला जप.

तुझी भाची,
सोलेन

ता. क. घाई आहे. मंडळाचे लोक ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी वाट चालून बघणार आणि लगेच ठरवणार. कुरणाच्या दोन्ही मालकांचा होकार नसेल तर वाट खालून जाईल. तुझा होकार पोस्टाने चालेल, असं देल्पेशकाका म्हणतात. मला विचारशील, तर तू इथवर चालत यावंस. गुडघा लक्षात घेऊन मी चढ मोजला आहे. वेशीपासून अंगणापर्यंत उतारच आहे.

आणखी एक. जिनेतबाईने तुझ्यासाठी वरची खोली झाडून ठेवली आहे. मी तिला तसं सुचवलं नव्हतं. मी फक्त किल्ली कुठे असते ते विचारलं होतं.

आणखी एक. हे पत्र मी माझ्या मनाने लिहिलंय, बाबांना याचा पत्ता नाही. आलीस तर त्यांच्यापुढे विषय काढू नकोस.

शेवटचं. बाबा आत्ता माझ्या खांद्यावरून सगळं वाचून गेले. त्यांच्या दोन दुरुस्त्या आहेत. एक, ओंडका आडवा रचला तो वाऱ्यासाठी. दोन, त्या नाताळचं जेवण मोडलं असं तुला कोणी सांगितलं? तिला लिही, म्हणाले, की चीज अजून आलेलं नाही.