सोमवारी फक्त चांगली बातमी

बाबा, तुमच्या नातवाला आम्ही दर सोमवारी फोनवर फक्त चांगल्या बातम्या सांगतो. काल सोमवार होता, कालही सांगितल्या. त्याच्या बहिणीला फिजिक्समध्ये चांगले मार्क पडले, खालच्या मजल्यावरच्या केरळी काकूंनी फणस पाठवला, बिल्डिंगची लिफ्ट एकदाची दुरुस्त झाली. परवा, गुरुवारी सकाळी, त्याच्या वडिलांचं स्वरयंत्र काढून टाकणार आहेत. घशात गाठ आहे आणि ती साधी नाही. ऑपरेशननंतर हा माणूस वाचला तरी बोलणार नाही. ही बातमी कालच्या फोनमध्ये आम्ही बसवली नाही.

तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं, तेव्हा थोडी ओळख करून द्यायला हवी. तुमचे जावई सोलापूरचे. रुवैसला रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहेत. अबुधाबीच्याही पुष्कळ पलीकडे, एका बाजूला वाळू आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असं ते ठिकाण. आठवडाभर तिथल्या कँपवर राहायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी बसने शहरातल्या आमच्या अल मनखूलच्या फ्लॅटवर यायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. यंत्रांच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय, त्यामुळे घरातही ते ओरडूनच बोलतात. शुक्रवारी जेवणं झाली की त्यांची हाक यायची, "यल्ला, प्रार्थनेला!" शेजारचे पाकिस्तानी गृहस्थ भिंतीवर थाप मारायचे आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये हसून म्हणायचे, "भाईसाब, खुदाने सुन लिया, अब हमें सोने दो." गेल्या थंडीत ती हाक फाटली. आम्हाला वाटलं, एसीचा त्रास. सिगारेट त्यांनी बाप्तिस्म्याआधीच सोडली होती, पण घशाला बहुधा कोणी तसं कळवलं नाही.

आता दुसरी ओळख, जी तुम्हाला जड जाईल. मी तुमच्या मंडळीत राहिले नाही. इथे आल्यावर काही वर्षांनी आम्ही दोघं मॉर्मन झालो, म्हणजे ख्रिस्तीच, पण तुमच्याहून वेगळ्या पंथाचे. तुम्ही असता तर शास्त्र उघडून दोन तास वाद घातला असतात, मीही माघार घेतली नसती. आमच्यात मेलेल्या माणसाच्या वतीनेही बाप्तिस्मा घेता येतो. तुमच्या वतीने तो घ्यायचं धाडस मला अजून झालेलं नाही; तुम्ही तिकडूनही आक्षेप काढाल. आमच्यात पगारी पाळक नसतो. रविवारी मंडळीतल्या कोणालाही बोलायला उभं करतात, आज एखादी नर्स, पुढच्या वेळी एखादा बँकेतला माणूस. मला उभं केलं की आधी घड्याळ दाखवतात. शाळेत मी वक्तृत्व शिकवते, घरात पुस्तकांनी दोन भिंती भरल्या आहेत, आणि मला जे पटलं ते मी हळू आवाजात सांगू शकत नाही. हे मी कोणाकडून उचललं ते तुम्हाला माहीत आहे.

आणि आमच्यात मुलगा जाणता झाला की दोन वर्षांसाठी मिशनवर जातो. कुठे जायचं ते तो ठरवत नाही. पाठवतील तिथे जायचं, पांढरा शर्ट घालायचा, छातीवर काळी नावपट्टी लावायची, कायम एक जोडीदार सोबत ठेवायचा आणि अनोळखी दारं ठोठावायची. दोन वर्षं घरी यायचं नाही. आठवड्यातून एक दिवस कपडे धुवायला, बाजाराला आणि घरी फोन करायला मिळतो. आमचा मुलगा फिलिपाईन्समधल्या एका बेटावर आहे. निघायच्या आधीच्या रविवारी मी मंडळीपुढे बोलले. म्हटलं, आज हा मुलगा मी देवाला देऊन टाकला आहे, आणि दिलेल्या वस्तूकडे मी मागे वळून पाहणार नाही. लोक रडले. मीच रडले नाही.

नगरकडचं आपलं ते लहानसं चर्च मला इथे, ह्या खिडकीत बसून, स्पष्ट दिसतं. मागे आपल्या दोन खोल्या, चुलीच्या धुराने काळी झालेली भिंत, आणि शनिवारची संध्याकाळ. त्या संध्याकाळी दिवा लागला की आपल्या घरात वाईट बातमी सांगायची बंदी. पीठ संपलंय, शाळेत मार बसला, कोणाला ताप आहे, सगळं रविवारच्या उपासनेनंतर. उपदेशकाच्या डोक्यात रात्रभर वचन राहिलं पाहिजे, घर राहून चालणार नाही, असं तुम्ही म्हणायचात आणि आईही म्हणायची. मी दहा वर्षांची असेन. आई चुलीपुढे पोट धरून बसली आहे. ती मला बजावते की बाबांना जाऊन सांगू नकोस. मी तरी जाते. तुम्ही कडुलिंबाखाली फेऱ्या मारत उद्याचा उपदेश पुटपुटत आहात. मी म्हणते, बाबा, आईला... तुम्ही हात वर करता. चेहऱ्यावर राग नाही, उलट प्रेमच आहे. "उद्या, बाळा. उपासना झाल्यावर."

दुसऱ्या दिवशी तुम्ही असे बोललात की मागच्या बाकांवरची माणसं उभी राहून ऐकत होती. मी पुढे बसून तुमच्या तोंडाकडे पाहत होते, आणि खरं सांगते, त्या तासाभरात मला आई आठवलीसुद्धा नाही. मला एवढंच वाटत होतं की असं बोलता आलं पाहिजे. दुपारी जीप मिळाली. मिशनच्या दवाखान्यात नेईपर्यंत आतमध्ये अपेंडिक्स फुटलं होतं. आई परत आली नाही. लोक म्हणाले, केवढा ह्या माणसाचा विश्वास. पुढच्या शनिवारी दिवा लागला आणि घर पुन्हा गप्प झालं. वर्षभराने तुम्ही मला शास्त्रपाठ वाचायला उभं केलंत. चर्च रिकामं असताना दाराशी जाऊन उभे राहायचात आणि म्हणायचात, "मोठ्याने. शेवटच्या बाकावरची म्हातारी झोपली तर तो तिचा दोष नाही, तुझा." तुम्ही मला दिलेल्या सगळ्यात ते मोठं. त्यावर मी आजवर जगले.

मुलगा निघाला तेव्हा तो शनिवारचा नियम मी सोमवारी लावला. त्याने परक्या दारात उभं राहून बोलायचं आणि त्याच्या डोक्यात घरचा गॅस, घरची दुखणी फिरत राहायची, हे मला मान्य नव्हतं. मंडळीतल्या दुसऱ्या आयांनाही मी हे पटवून दिलं. आजही तो नियम मला मूर्खपणाचा वाटत नाही. ज्याला दुसऱ्याला उभं करायचं आहे त्याला वाकवू नये, हे कोणी खोडून दाखवावं.

पण डॉक्टरबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली त्या दिवशी त्या मल्याळी बाई शेवटी कागद बाजूला सारून हिंदीत म्हणाल्या, "जिनसे बात करनी है, इस हफ़्ते कर लीजिए." ह्यांनी हसून विचारलं, बीवी से भी? बाई हसल्या नाहीत. पार्किंगमध्ये गाडी तापलेली होती, एसी लागेपर्यंत आम्ही दारं उघडी टाकून बाहेर उभे राहिलो. मी म्हटलं, अहो, त्याला सांगू या. ते म्हणाले नाही. मी पुन्हा म्हटलं. घशातून निघणाऱ्या त्या खरखरीत आवाजात ते म्हणाले, "त्याला कळलं तर तो पुढच्या विमानाने येईल. मग आयुष्यभर लोक म्हणतील, मधेच सोडून आला. तू त्याला दिला ना? सगळ्यांसमोर दिला. आता परत मागतेस?" माझंच भाषण, माझ्याच शब्दांत. मग थोडे मऊ होऊन म्हणाले, पुनरुत्थानात सगळं परत मिळतं, घसासुद्धा. आपण सगळे तर मरणापलीकडेही कायमचे बांधलेले आहोत, मग घाई कसली? मी हे मानते, बाबा. आत्ता कोणी उभं केलं तर तासभर ह्यावर बोलेन आणि एक शब्द खोटा नसेल. तरी त्या उन्हात मला विचारावंसं वाटलं की मधली वर्षं कशी काढायची. विचारलं नाही. शब्द दिला की सांगणार नाही. लेकीकडूनही त्यांनी तोच शब्द घेतला.

काल फोनच्या आधी ते कोमट पाणी पीत बसले. रुवैसचा युनिफॉर्म काढून ठेवलेला होता तो पुन्हा घातला, म्हणजे एका दिवसाच्या रजेसाठी आत्ताच ड्यूटीवरून आल्यासारखं वाटावं. पडद्यावर मुलगा आला. उन्हाने काळवंडलाय, गाल आत गेलेत, पण डोळे असे की त्याच्याकडे बघून कोणीही दार उघडावं. बाजूला त्याचा जोडीदार, हात हलवत. फणस, फिजिक्स, लिफ्ट, सगळं झालं. त्याने सांगितलं, एक कुटुंब बाप्तिस्म्याला तयार झालंय, बाप पूर्वी फार दारू प्यायचा, आता सगळे एकत्र जेवतात. हे सांगताना तो मराठीतून इंग्लिशमध्ये कधी गेला ते त्याला कळलं नाही. मधेच थांबून म्हणाला, "पप्पा, व्हॉइस असा का येतोय?" हे म्हणाले, सर्दी. मग म्हणाले, चल, आपलं गाणं म्हणू. तो लहान असताना शुक्रवारी दोघं मिळून म्हणायचे ते मराठी भजन. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीची कड पकडली होती. मुलाने मनगटावर पाहिलं. जोडीदार उठून उभा राहिला होता.

"पप्पा, नेक्स्ट मंडे म्हणू या ना. फॅमिली वाट बघतेय."

"इन्शाल्ला," हे म्हणाले.

इथे सगळेच हा शब्द वापरतात आणि आमच्या घरात तो चेष्टेचाच होता. मुलाने भांडी घासायचं टाळलं की म्हणायचा, इन्शाल्ला, आणि बापाकडून टपली खायचा. त्यामुळे तोही हसला आणि पडदा काळा झाला. ह्यांनी युनिफॉर्म काढला, घडी घातली आणि कपाटात अगदी खाली ठेवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कणीक मळायला घेतली. लेक मागोमाग आली. सोळा वर्षांची आहे, जन्म इथला, मी मराठीत बोलते आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. तिने माझा फोन ओट्यावर ठेवला. तिकडच्या मिशनच्या प्रमुखांचा नंबर तिने शोधून काढला होता. अडचण असली तर त्यांना कुठल्याही दिवशी फोन करता येतो. म्हणाली, "टेल हिम. ही विल कम, मम्मा. वेन्सडे नाईटपर्यंत येईल." मी म्हटलं, पप्पांना शब्द दिलाय. तिने फोन माझ्या कणकेच्या हातांजवळ सरकवला. मग म्हणाली, "दॅट्स नॉट व्हाय," आणि निघून गेली. तिचं ते वाक्य कालपासून घरभर फिरतं आहे.

आज मंगळवार. दुपार कलली आहे. आतल्या खोलीत ते एसी दुरुस्त करणाऱ्याशी फोनवर हिंदीत भांडत आहेत. तीन वेळा बोलावूनही आला नाही म्हणून. उरलेला आवाज असा एसीवाल्यावर खर्च होतो आहे, आणि मी दाराशी न जाता इथूनच ऐकते आहे, कारण मी गेले तर ते गप्प होतील.

नंबर समोर आहे. ते म्हणतात, मुलगा सगळं टाकून येईल, म्हणून सांगू नको. लेक म्हणते, तो येईल, म्हणून सांग. दोघांनाही अगदी खात्री आहे. आणि मी, जिला आयुष्यात कशाचीही खात्री नसल्याचं कोणाला आठवणार नाही, मी काल त्याचा चेहरा पाहिला, बाबा. गाणं पुढे ढकलताना तो चेहरा इतका प्रेमळ होता, इतका दूर गेलेला होता. त्याला ते दूर जाणं मी शिकवलं, माझ्या सगळ्या ताकदीनिशी, आणि तो हुशार विद्यार्थी निघाला.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही आणि त्याला मी दाखवणार नाही, म्हणून लिहून ठेवते. फोन मी अजून केलेला नाही. शब्द दिलाय, असं मी घरात सांगते आणि ते खोटंही नाही. पण मला भीती वाटते ती वेगळीच. मी त्याला सगळं सांगेन, तो नीट ऐकून घेईल, बापासाठी प्रार्थना करेन म्हणेल, आणि येणार नाही.