आठ चमचे

शिमकेंत, ४ मार्च २०१९

प्रिय गुलदानाताई,

तिकडे करागांदात अजून बर्फच असेल. इथे जर्दाळूला कळ्या आल्यात. तू, दाजी, तोमिरिस, सगळे ठीक ना?

आता सुयुंशी! चांगली बातमी आणणारीला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं, तेव्हा काय द्यायचं ते मी शेवटी मागेन. आमच्या कंपनीचं मुलांचं खोकल्याचं औषध या महिन्यापासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणार, आणि प्रत्येक बाटलीच्या झाकणावर मापाचा छोटा पेला असणार. तो पेला माझा, ताई! वर्षभर डोकं खाल्लं मी सगळ्यांचं.

आमचे बोलातसाहेब ऐकेनात. एवढ्याशा पेल्यासाठी यंत्रं बदलायची का, म्हणायचे. शेवटी मी मीटिंगला आठही जणांना घरचा औषधाचा चमचा आणायला लावला. सगळ्यांत पाणी भरलं आणि मोजलं. आठ चमचे, आठ मापं. सर्वांत मोठा निघाला साहेबांचाच, सूप प्यायचा. हसून हसून पुरेवाट झाली. साहेब मात्र चमचा हातात धरून बसले. मग म्हणाले, "माझी नात यातूनच औषध घेते. पेला बसवा."

मला हे सुचलं कुठून, ते कुणी विचारलं नाही. तू विचारशील. फोनवर मी अर्ध्यातच गप्प बसले असते, म्हणून पत्र.

चार वर्षांपूर्वी तोमिरिसला जास्त औषध आईने पाजलं नव्हतं. आई अंगणात बाउरसाकचे पिठाचे गोळे तळत होती. पोर खोकत होती. बाटलीवर 'एक चमचा' लिहिलेलं, मी हाताला लागला तो सूपचा चमचा भरून दिला. खोकला थांबेना म्हणून आणखी एक. दवाखान्यात तू आईवर ओरडलीस, तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चुकलं माझं." मला या कंपनीत लागून महिनाच झाला होता. नोकरी जाईल या भीतीने मी गप्प राहिले. तेव्हापासून तू तिच्या घरी पाऊल ठेवलं नाहीस, आणि ती दर हिवाळ्यात तोमिरिससाठी मोजे विणते, अंदाजाने.

तर माझी सुयुंशी ही: या महिन्यात नौरिझच्या सणाला पोरीला घेऊन आईकडे ये. रागवायचं ते माझ्यावर रागव. मी डोळ्यांसमोर नको असेन, तर त्या दिवशी मैत्रिणीकडे जाईन.

पहिली बाटली सोबत पाठवतेय. पेला काढून बघ.

तो चमचा भरणारी,
तुझी धाकटी
झानसाया