जीपची मान

चाचा,

परवा नातीच्या गाडीमागं लावायच्या डब्याचं नाक मी दोन्ही हातांनी धरून उचललं. माझ्या वयाच्या बाईला ते उचललं जायला नको होतं. उचललं गेलं, आणि मी अंगणातच ओरडले की डबा उलार आहे, असा न्यायचा नाही. नात हसायला लागली. तिची गाडी तुमच्या जीपच्या दुप्पट, डोंगर चढणारी वगैरे. मागच्या डब्यात गादी, शेगडी, पाण्याची टाकी, दिवे. नवरा-बायको पंधरा दिवस त्यात झोपत फिरणार आहेत, हौस म्हणून. आपण तसंच फिरायचो आणि ती नोकरी होती, हे तिला खरं वाटेना. "उलार म्हणजे काय गं आजी?" तिनं विचारलं. मागं जड, पुढं हलकं, एवढं सांगून भागेना. मग तिला सगळं सांगावं लागलं, आणि सांगताना एका जागी मी अडखळले. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीचा हिवाळा. आपला फिरता दवाखाना म्हणजे जीप, मागं दोन चाकांचा पत्र्याचा डबा, डॉक्टरीणबाई, मी नवी नर्स आणि तुम्ही ड्रायव्हर. डब्यात घडीच्या दोन खाटा होत्या. रात्री आम्ही दोघी त्यावर झोपायचो, दिवसा त्याच खाटांवर पेशंट. तुम्ही आपले जीपमध्ये, पाय बाहेर काढून. बाभुळगावकडची गावं उरकली की राजूरच्या खाणीकडं जायचं, असा आपला फेरा. तुम्ही यवतमाळचे, घरातले सगळे मिस्त्री; मी बाभुळगावजवळच्या कास्तकाराची मुलगी. पहिल्या दिवशी मी तुम्हाला 'ड्रायव्हरसाहेब' म्हटलं तर तुम्ही मागं वळून पाहिलंत, खरंच कोणी साहेब आला की काय म्हणून. "चाचा म्हण," म्हणालात. "साहेब म्हणशीन तर मले टोपी शोधा लागन."

रोज सकाळी डबा जोडण्याआधी तुम्ही त्याचा पुढचा दांडा धरून नाक उचलून पाहायचा. तुमचं माप ठरलेलं होतं. नाक उचलताना तोंडातून 'या अल्ला' निघालं पाहिजे. नाही निघालं तर आतलं सामान पुढं घ्यायचं; फारच जोरात निघालं तर थोडं मागं. मग दांड्याची कडी जीपच्या आकड्यात, वरून खीळ, आणि खालून दोन साखळ्या एकमेकींवर फुली मारून. फुली कशाला, असं मी विचारलं होतं. "कडी सुटली तं दांडा या झोळीत पडन. जमिनीत घुसला तं डबा आपल्या डोक्यावरून जाईन." चाकांना लाथ मारून हवा पाहायची. उतार लागायच्या आधीच गियर खाली आणायचा, उतारावर नाही. आणि मागचं झुलायला लागलं तर ब्रेकवर पाय द्यायचा नाही. स्टेअरिंग सरळ धरायचं, पाय उचलायचा, त्याला आपोआप शांत होऊ द्यायचं. मला सायकलसुद्धा येत नव्हती, तरी हे सगळं तुम्ही मला सांगायचा, कारण डॉक्टरीणबाई ऐकून घेत नसत.

आता माझी अडचण अशी होती की मी बैलगाडीच्या घरातली. आमच्या वडिलांचा गाडी भरण्याचा एकच नियम, बैलाच्या मानेवर ओझं येता कामा नये. गाडी पुढं जड झाली की ते स्वतः वर चढून पोती मागं ओढायचे आणि आम्हाला शिव्या घालायचे. "त्याची मान हाय का खुटा हाय? वझं मांगं घे!" गाडी उलार होऊन बैल वर उचलले जाऊ नयेत एवढी काळजी तेही घेत, पण उलार गाडी हसण्यावारी नेली जाई, आणि बैलाची सुजलेली मान घरात दोन दिवस कोणाला जेवू देत नसे. हे मी आईच्या दुधाबरोबर प्यालेली. तुमचं नाक जड, शेपूट हलकं, हे मी ऐकायचे, मान डोलवायचे, पण मनातून ते मला निर्दयपणाचं वाटायचं.

त्या सकाळी तुम्ही डबा जोडलात, 'या अल्ला' म्हणालात, खीळ घातलीत आणि रेडिएटरसाठी पाणी आणायला विहिरीवर गेलात. डॉक्टरीणबाई एका बाळंतिणीला निघण्याआधी एकदा पाहून येत होत्या. मी एकटी उभी आहे आणि जीपकडं बघते आहे. तिचं मागचं अंग खाली दबलेलं, पुढचं वर, जू जड झालेल्या बैलासारखं. मला खरोखर कीव आली, चाचा. लोखंडाची कीव आली. मी डब्यात चढले, पाण्याचा भरलेला ड्रम पायानं रेटत रेटत पार मागच्या फळीपर्यंत नेला आणि औषधांची लोखंडी पेटी त्याच्या शेजारी सारली. खाली उतरून पाहिलं तर जीप सरळ झालेली. मला फार बरं वाटलं. तुम्ही आलात, पाणी ओतलंत, आणि एकदा जोडलेल्या डब्याचं नाक पुन्हा कोण उचलून पाहणार?

राजूरच्या अलीकडं नाल्याकडं उतरणारा तो लांब उतार. मी जीपच्या मागच्या बाकावर, डब्याकडं तोंड करून बसलेली, त्यामुळं सगळ्यात आधी मलाच दिसलं. आधी नुसतं हललं. मग डबा डावीकडं गेला, उजवीकडं आला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त, आणि त्याच्याबरोबर जीपचं मागचं अंगही ओढलं जायला लागलं. मी किंचाळले, "चाचा, ब्रेक मारा!" तुम्ही मारला नाहीत. तुमचे दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट, मान सरळ, पाय उचललेला. झुलणं कमी व्हायला लागलं होतं, हे मी शपथेवर सांगते. आणखी थोडा रस्ता मोकळा मिळाला असता तर तुम्ही तो डबा लेकरासारखा शांत केला असता. पण नाल्यातून कापसाची भरलेली गाडी वर आली, रस्ता अडवून. वर माणूस, पुढं बैल. तेव्हा तुम्हाला ब्रेकवर पाय द्यावाच लागला. डबा आडवा होऊन बाभळींत पडला. कडी आकड्यातल्या आकड्यात फिरली, साखळ्या ताणल्या गेल्या आणि जीप तेवढी उभी राहिली. बैलांपासून दहा-बारा हातांवर.

डॉक्टरीणबाईंचं मनगट मोडलं. औषधांच्या बाटल्यांचा चुरा, डब्याची एक बाजू चेपलेली, त्या हिवाळ्यातला फेरा तिथंच संपला. तुम्ही आधी डॉक्टरीणबाईंना झाडाखाली बसवलंत, मग डब्याकडं गेलात. ड्रम कुठं पडला आहे ते पाहिलंत. फळीवरचा त्याच्या बुडाचा ओला गोल पाहिलात. मग माझ्याकडं आलात, आणि मला वाटलं आता कानाखाली बसते. तुम्ही हळू आवाजात एवढंच विचारलंत, "कायले मांगं नेला बेटी?" मी रडत रडत म्हटलं, "जीपची मान दुखन म्हणून." मग तुम्हाला हसू फुटलं. मोडलेल्या डब्याशेजारी, काचांच्या चुऱ्यात उभं राहून तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. "लोखंडाले मान नसते, बेटी," म्हणालात. त्याहून मोठी बोलणी मी तुमच्याकडून कधी खाल्ली नाहीत.

यवतमाळला चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, डबा कोणी भरला होता? मी दाराशी उभी आहे, हातात माझं लेखी निवेदन, त्यात 'मला काही माहीत नाही' असं लिहिलेलं. माझी नोकरी कायम व्हायला तीन महिने होते. एक जरी तक्रार आली तर घरी बसायचं, असं वडिलांनी बजावलेलं, आणि घरी बसणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीत. "मीनंच भरला साहेब. वजन मांगं राह्यलं माह्या हातानं." मी तोंड उघडलं नाही. भीती होती हे खरं, पण नुसती भीती नव्हती. तुम्ही सांभाळून घेताय तर घेऊ द्यावं, असा सरळ हिशेब मी मनात केला होता. तुमच्याकडून स्टेअरिंग काढून घेतलं. निवृत्त होईपर्यंत तुम्ही वर्कशॉपात दुसऱ्यांच्या चाकांचे पंक्चर काढत बसलात.

पुढच्या ईदला मी तुमच्याकडं आले होते. चाचींनी स्वयंपाकघरात मला पाटावर बसवून शीरखुर्म्याची वाटी दोनदा भरली, आणि चुलीपुढं बसून सांगितलं की हे आताशा गाडीचा आवाज आला की ताटावरून उठून दारात जातात. मी वाटी खाली ठेवली. निघताना तुम्ही कागदात गुंडाळलेली खीळ माझ्या हातात दिलीत, आपल्या डब्याची. "घेऊन जाजो. मले आता कायले लागते?" टोमणा असेल म्हणून मी तुमच्या तोंडाकडं पाहिलं. टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. माझी नोकरी कायम झाली, पुढं मेट्रन झाले, पुष्कळ नर्सना चुका कबूल करायला शिकवलं. खीळ अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. तिनं मी वेलची कुटते.

तर परवा नातीला मी हे सगळं सांगितलं. तिनंही पाण्याची टाकी मागंच ठेवली होती, गाडी दबलेली बरी दिसत नाही म्हणून. मी तिच्याकडून ती पुढं घेववली, साखळ्यांची फुली घालून घेतली, आणि नाक उचलताना तिच्या तोंडून 'अगं आई गं' निघालं तेव्हाच सोडलं. ती म्हणाली, "आजी, तुझे चाचा भारी होते. मग त्यांच्याकडून अशी चूक कशी झाली?" मी म्हटलं, त्यांच्याकडून नाही, ड्रम नंतर कोणीतरी मागं सरकवला होता. "कोणी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आता आठवत नाही.

ती दोघं सकाळीच निघाली. डबा अजिबात न हलता वळणावरून गेला, मी फाटकाशी उभी राहून पाहिला. चाचा, तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही आता या जगात नाही, आणि तुम्हाला तर त्याच दिवशी ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायचं मला अजूनही धाडस होत नाही. नात पंधरा दिवसांनी येईल. तोवर हा कागद वेलचीच्या डब्यात, खिळीखाली ठेवते आहे. ती त्या डब्याला कधी हात लावत नाही, हे मला ठाऊक आहे.